एक की दोन, सोइलाबाई?

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्याबरोबर जाईल. सांगणार आहे ती एका टाक्याची गोष्ट. केसाहून बारीक टाका, पण त्याने एका भल्या बाईचं सबंध वर्ष बांधून ठेवलं होतं. भली बाई कोणती, टाका घालणारी की घालून घेणारी, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवायला बसलो तर चुकेन.

डोंगरांतल्या कीतो शहरात डिसेंबरची सकाळ म्हणजे उन्हात चटका आणि सावलीत हुडहुडी. सान ब्लासच्या चढाखाली सिग्नल तांबडा होता आणि डॉक्टर इनेस प्रोआन्यो गाडीत स्टीयरिंगवर बोटं वाजवत बसली होती. समोरून माणसं रस्ता ओलांडत होती. शाळेच्या पोरी, मोरोचोचं, मक्याच्या गोड खिरीचं, वाफाळतं पातेलं गाड्यावर ढकलत नेणारा एकजण, आणि नाताळ जवळ आलेला म्हणून बाळयेशूची मूर्ती दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेली एक म्हातारी, नवा अंगरखा बेतून घ्यायला निघालेली. त्यांच्यामागून काळ्या टोपीची एक जाड बाई फुटपाथच्या कडेशी आली, थांबली, डावा तळहात उचलून तिने डाव्या डोळ्यावर सपाट ठेवला, खिडकीची झडप लावावी तसा, आणि मग उरलेल्या डोळ्याने रस्ता ओलांडून गेली. पलीकडे पोचल्यावर हात खाली घेतला. एवढंच. बाकी कुणी पाहिलंसुद्धा नसेल. पण तिरळे डोळे सरळ करण्यात ज्याची हयात गेली, त्याला तो हात जगाच्या पाठीवर कुठेही ओळखू येतो. ऊन लागलं तर हात कपाळावर आडवा जातो, कण गेला तर बोटं चोळतात. तळहाताची अशी झडप माणूस तेव्हाच लावतो जेव्हा त्याला एकाचे दोन दिसतात आणि येणाऱ्या दोन मोटारींतली खरी कोणती हे कळत नाही. आणि ती टोपी, ते डावीकडे कललेलं चालणं. सोइला ग्वाचामीन. आपलीच. आपल्याच हातची.

मागून भोंगा वाजला. टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला, "अहो बाई, याहून हिरवा नाही होत तो!"

ती निघाली खरी, पण दिवसभर तो तळहात तिच्या डोळ्यासमोरून हलेना. दवाखान्यात लहान मुलं तपासली, एका आईला समजावलं की डोळ्याच्या गोळ्याला सहा स्नायू असतात, सहा लगाम लावलेला घोडाच तो. एक लगाम ओढलेला राहिला की घोडा त्या बाजूला मान वळवून धावतो. आपण ओढलेला लगाम सोडवून जरा मागे शिवतो किंवा ढिला असेल तो आखूड करतो, झालं. हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि सांगताना तिच्या मनात दुसरंच बोलणं चाललं होतं. सोइलाबाईचा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला. अशा माणसाचा मेंदू शहाणा असतो, वळलेल्या डोळ्याचं चित्र तो बाजूला टाकून देतो, म्हणून चाळिशी उलटेपर्यंत तिला एकाचं एकच दिसलं. मुलीला बाळ झालं तेव्हा विहिणीने सांगितलं की तिरळ्या नजरेच्या बाईने बाळाला घेऊ नये, दृष्ट लागते. बाळयेशूचे अंगरखे शिवणारी बाई, शहरातल्या निम्म्या देव्हाऱ्यांतलं बाळ तिच्या मांडीवर कपडे घालून गेलेलं, आणि स्वतःच्या नातीला दारातून बघायचं. म्हणून ती आली होती. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली होती, "डॉक्टरबाई, सरळ करून टाका. मला सुंदर नाही व्हायचं. मला आजी व्हायचंय."

इनेसने नाकाकडचा स्नायू सोडवून मागे शिवला आणि शेवटचा टाका पक्का न करता सरकगाठीवर ठेवला. मोठ्या माणसांत ती नेहमी तसंच करी. भुलीत डोळा झोपलेला असतो, झोपलेला डोळा खोटं बोलतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाला जागेपणी बसवायचं, डोळा बधिर करणारे थेंब घालायचे, समोरच्या भिंतीवरच्या दिव्याकडे बघायला सांगायचं आणि विचारायचं, दिवे किती? दोन म्हणाला तर गाठ जरा सरकवायची. पुन्हा विचारायचं. एक म्हणाला की गाठ पक्की, दोऱ्याची टोकं कापून टाकायची. सगळं शास्त्र, सगळं हत्यार, आणि शेवटी निकाल माणसाच्या तोंडी. हे तिला फार आवडायचं. ती म्हणायची, यात देवळासारखं काहीतरी आहे.

आणि त्या सकाळी? लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासांचे, दिवस होते. तिला एका सभेत भाषण द्यायचं होतं, त्यानंतर फानेस्काचं, बारा धान्यं आणि खारा मासा घातलेल्या सुपाचं, जेवण होतं, बाहेर गाडी उभी होती. सोइलाबाई दिव्याकडे बघत बसली. इनेसने विचारलं, "एक की दोन?" आणि सोइलाबाईच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली, हनुवटी तसूभर वळली, मांडीवरची दोन बोटं आपोआप अलग झाली. तोंडाने ती म्हणाली, "एक, डॉक्टरबाई. छान एक." त्या शहरात डॉक्टरला नाही म्हणणं म्हणजे वाढलेल्या ताटाला नाव ठेवणं. प्रत्येक तरुण डॉक्टरला इनेस बजावत आली होती की आपल्या माणसांचं पहिलं उत्तर ऐकू नका, ते सभ्यपणाचं असतं, तिसरं ऐका. आणि त्या सकाळी तिने पहिलंच ऐकलं. नाही, तेही खरं नाही. तिने ती बोटं पाहिली होती. पाहिली आणि गाठ मारली. कात्रीचा तो आवाज, टिचकीएवढा, आज नऊ महिन्यांनी तिला कानात ऐकू येत होता, आणि त्याच्या पाठोपाठ फानेस्काच्या वाडग्यातला खाऱ्या माशाचा वास. भाषण कशावर होतं? सरकगाठीवर. त्यात तिचं एक वाक्य फार गाजलं: शेवटचा टाका रुग्णाची जीभ घालते. टाळ्या पडल्या होत्या. आठवड्याने सोइलाबाई टाके दाखवायला आली तेव्हा मदतनीस डॉक्टरने तपासलं आणि लिहिलं, डोळे सरळ, रुग्ण समाधानी. सरळ तर होतेच. आरशात, फोटोत, विहिणीच्या नजरेत सरळ. वाकडं होतं ते फक्त आतून, जिथे तिच्याशिवाय कुणी बघायला जात नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला झालं. घरी आरशासमोर उभी राहिली तरी ती स्वतःचे डोळे टाळू लागली. मनाचा वकील मोठा हुशार. तो म्हणे, अगं, असं क्वचित होतंच, पुस्तकात लिहिलेलं आहे. तो म्हणे, कदाचित तिला ऊन लागलं असेल. तो म्हणे, त्रास असता तर आली नसती का? आणि इनेसला ठाऊक होतं की नसतीच आली. उपकार केलेल्या माणसाकडे तक्रार घेऊन जाणाऱ्यांतली ती नव्हती. मग लहानपणीची एक दुपार तिच्या मनात येऊन बसली. आई, लाउरा, तिच्या केसांची वेणी घालत होती, फार घट्ट, आणि विचारत होती, दुखतंय का गं? आणि इनेस म्हणाली होती, नाही. आईने हात थांबवला, वेणी सगळी सोडली आणि पुन्हा घातली. तिला कसं कळलं होतं? मान ताठ झालेली दिसली असेल. बघणाऱ्याला दिसतं. दिसल्यावर वेणी सोडायची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

रविवारी ती पाद्री अन्सेल्मोंच्या चर्चमध्ये गेली. आईनेच लावलेली ही गोडी. अन्सेल्मो म्हणजे गळा आणि गिटार. बोलता बोलता गाण्यात शिरायचे, गाता गाता बाजारातल्या भांडणावर यायचे, आणि सगळं देऊळ त्यांच्यामागे ध्रुपद धरायचं. त्या दिवशी त्यांनी आंधळ्याची कथा लावली. प्रभूने त्याला हाताला धरून गावाबाहेर नेलं, डोळ्यांना आपली थुंकी लावली, आणि विचारलं. इथे गिटार वाजली: "सांग रे बाबा, दिसतं का? खरं सांग, दिसतं का?" लोकांनी उचललं, दिसतं का, दिसतं का. पाद्रीबाबा थांबले. "आता विचार करा मंडळी, समोर कोण उभा? प्रत्यक्ष प्रभू! तुम्ही आम्ही काय म्हटलं असतं? 'दिसतंय देवा, झकास दिसतंय, तुमचे फार उपकार, कोंबडी घेऊन येते उद्या!'" देऊळभर हशा पिकला. "पण हा आंधळा आडमुठा. म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी दिसतात. आणि प्रभू रागावला का? म्हणाला का, एवढं केलं तरी तुझं समाधान नाही? नाही! प्रभूने पुन्हा हात ठेवला. अरे, ज्याने सूर्य एका शब्दात केला, त्याला दुसऱ्यांदा हात लावायची लाज वाटली नाही!" आणि गिटार, आणि पुन्हा, दिसतं का, खरं सांग, दिसतं का. इनेसच्या शेजारची बाई डोलत होती. इनेसच्या तोंडून ध्रुपद फुटेना. आंधळ्याने खरं सांगितलं म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते. तिला वाटलं, यात विचारणाऱ्याचंही काही आहे. विचारून तो थांबला होता. त्याची गाडी बाहेर उभी नव्हती.

सोमवारी दुपारी ती सान रोकेच्या उतारावरच्या सोइलाबाईच्या दुकानात गेली. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. फळीवर ओळीने बाळयेशू ठेवलेले, काही सजलेले, काही उघडे, गुलाबी पाय वर केलेले. सोइलाबाई मशीनला टेकून हाताने टीप घालत होती; टोपीच्या पट्टीत खोचलेला काळ्या कापडाचा तुकडा तिच्या डाव्या डोळ्यावर लोंबत होता. डॉक्टर दिसताच तिने तो झटकन वर खोचला.

"अगंबाई! डॉक्टरबाई! या, या ना. अशा दारात काय, पाहुणीसारख्या! बसा, ते बाळ उचला नि बसा, त्याला काही वाटत नाही." आणि लगेच आवाज उतरवून तिने विचारलं, "आई कशी आहे हो आता?"

"कोणाची आई?"

"तुमची हो! की... गेली?" तिने छातीवर क्रूस केला. "मला कुणी सांगितलंच नाही."

इनेस हातात बाळयेशू धरून उभीच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं आई आजारी म्हणून?"

"तुमच्या त्या इल्दा सिस्टर नाहीत का! त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर पट्ट्या बांधून बसलो होतो, उशीर का म्हणून कुरकुर चालली होती. त्या म्हणाल्या, गप बसा, डॉक्टरबाईंची आई शेवटच्या घटका मोजतेय, तरी त्या तुमच्यासाठी आल्यात, आज त्यांना लवकर मोकळं करा. मला तर कसंसंच झालं. त्या दिवसापासून सांता लुसियापुढे रोज तिच्या नावाने मेणबत्ती लावते बघा." कोपऱ्यात तबकडीत दोन डोळे घेतलेली, डोळ्यांची राखण करणारी ती संत उभी होती, तिच्यापुढे एक ज्योत. सोइलाबाई हसली. "मला काय, एक लावली की दोन दिसतात. फुकटात दुप्पट पुण्य."

म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

इनेस खाली बसली. इल्दाची ती सवय तिला ठाऊक होती. लोकांना गप्प करायला मरणासारखं औषध नाही, असं ती म्हणायची. आता काहीच न बोलता उठता आलं असतं. आई गेली म्हणायचं, ते खरंही होतं. वकील आत म्हणाला, म्हण ना, तिचंही मन राहील. इनेसने बाळयेशूचा गुलाबी पाय अंगठ्याने चोळला आणि म्हणाली, "सोइलाबाई, माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी मी भाषणाला गेले. आणि जेवायला."

"जेवायला," सोइलाबाई म्हणाली.

"फानेस्का होतं."

खालच्या रस्त्यावरून बसचा आवाज चढत गेला आणि ओसरला. सोइलाबाईने सुई कपड्यात टोचून ठेवली. तिचा चेहरा शिवण उसवल्यासारखा दिसत होता. "मग मी कुणासाठी म्हटलं 'एक'?" ती म्हणाली. रागावून नाही, खरंच विचारत होती. "मला वाटलं, पोरगी आईपाशी पोचू दे. दोन तर दोन, माझं काय, दिवे दोन दिसले म्हणून माणूस मरत नाही. आईचा हात मात्र गेला की गेला. तेव्हापासून डोळ्यावर चिंधी घेऊन शिवते, सुई ओवताना दोन सुया, भोकं दोन, जिन्याला दुप्पट पायऱ्या, दोनदा पडले, लेकीला सांगितलं नाही. आणि दर वेळी म्हटलं, असू दे, ती तिच्या आईपाशी पोचली."

"अजून आहे," इनेस म्हणाली. "तुम्ही खोटं बोलताय हे मला कळलं होतं. तुमची बोटं पाहिली मी. पाहून गाठ मारली."

सोइलाबाईने डोळ्यावरचा तुकडा टोपीतून ओढून काढला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "इल्दा खोटी, मी खोटी, तुम्ही खोट्या," ती म्हणाली. "खरा तेवढा तो दिवा. तो बिचारा एकच होता." आणि थोड्या वेळाने, वळून मेणबत्तीकडे बघत, "आईचं नाव काय तुमच्या?"

"लाउरा."

"लाउरा. मग पोचल्या असतील तिलाच. नाव माहीत नव्हतं, पत्ता बरोबर होता. संत काय मेणबत्त्या परत करत नाहीत."

इनेसला त्या क्षणी रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. तिने पिशवीतून काचेचे लोलक काढले, सोइलाबाईच्या डोळ्यापुढे एकेक धरून पाहिले, आणि जे होतं ते सरळ सांगितलं. चष्म्याने भागण्यासारखं नाही. पुन्हा टाके घालावे लागतील. स्नायू थोडा पुढे आणायचा, डोळा थोडा नाकाकडे जाऊ द्यायचा, म्हणजे मेंदू दुसरं चित्र पूर्वीसारखं टाकून देईल. "पण डोळा अगदी सरळ दिसणार नाही. पहिल्याइतका वाकडा नाही, पण निरखून बघणाऱ्याला कळेल."

"म्हणजे परत तिरळी."

"थोडी."

"विहीणबाई तर निरखूनच बघतात," सोइलाबाई म्हणाली. फळीवरचं एक उघडं बाळ उचलून तिने मांडीवर आडवं घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. एक डोळा मिटून, मग उघडून. "लेकीची डोमेनिका आता चालते. मला बघितलं की हात वर करते, उचल म्हणून. दोघी हात वर करतात. मी कुठलीला उचलू या विचारात क्षणभर उभी राहते, आणि तेवढ्यात तिचं तोंड पडतं. तिला वाटतं, आजीला नको आहे." तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "विहीणबाईंनी खुशाल तिच्या मनगटाला दृष्टीचा तांबडा दोरा बांधावा, हवे तर दहा बांधावेत. माझी नात एकच आहे, डॉक्टरबाई. मला ती एकच हवी."

जानेवारीत, तीन राजांचा सण आटोपल्यावर, इनेसने पुन्हा तो डोळा उघडला. जुना टाका मांसात रुतून बसला होता. तो सोडवताना तिचा हात एकदाही घाईला आला नाही, पण मनात सारखं येत होतं, हा मीच मारलाय, हा मीच मारलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्टूल ओढलं आणि सोइलाबाईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. गाडी घरीच ठेवली होती. इल्दा दाराशी उभी होती, मान खाली घालून. बाहेरच्या माणसांना आज तिने काहीच सांगितलं नव्हतं. भिंतीवर दिवा लागला.

"एक की दोन, सोइलाबाई?"

सोइलाबाईचं तोंड सवयीने उघडलं. ओठ हसायच्या बेतात आले, इतक्या वर्षांचा सभ्यपणा जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. इनेस बोटांकडे बघत होती. बोटं अलग झाली.

"दोन," सोइलाबाई म्हणाली. आणि लगेच कावरीबावरी होऊन, "रागावू नका हं."

रागावणं? त्या 'दोन'ने इनेसच्या छातीवरचा दगड हलला. त्यापुढे सभेतल्या टाळ्या म्हणजे पत्र्यावरच्या गारा. तिने दोरा केसभर ओढला. "आता?"

"दोनच."

पुन्हा केसभर. "आता?"

"दुसरा जरा लांब गेलाय. जातोय, पण वळून वळून बघतोय मेला."

इल्दाला हसू फुटलं. इनेसने सोइलाबाईच्या डोळ्यात पुन्हा थेंब घातले, हात मांडीवर ठेवले आणि थांबली. बाहेर कुणीतरी कुरकुर करत होतं की आज फारच उशीर. ती थांबली. सरकगाठ अजून मोकळी होती, दोऱ्याची टोकं गालावर लोंबत होती, आणि सोइलाबाई, चाळीस वर्षं आणि एक वर्ष सगळ्यांना छान छान म्हणत आलेली, दिव्याकडे बघत आपलं खरं उत्तर शोधत होती.

तर मंडळी, उद्या कुणी तुम्हाला विचारेल, बरं आहे ना? आणि जिभेवर आपसूक येईल, हो, छान. तेव्हा क्षणभर सान रोकेच्या जिन्याखालच्या सोइला ग्वाचामीनची आठवण काढा. तिच्या नावाने मेणबत्ती लावलीत, तर एकच लावा. आता तिला दोन दिसत नाहीत.